सगळी गाडी कार्डावर

३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ.

खिडकीतून तळं दिसतंय, तळ्यावर बर्फ, बर्फावर ऑर्विलची मासे धरायची खोपटी, आणि खोपटीत ऑर्विल. म्हणजे घरात मी एकटी. बरंच आहे.

ही वही नाताळात बियाण्यांच्या दुकानाने फुकट दिली. ऑर्विल म्हणाला, तुला कशाला वही? म्हटलं, बघू. आठवीनंतर माझी शाळा सुटली. गाईंना काही वाचून दाखवायचं नव्हतं, त्यामुळे अडलं नाही. पण मनात फार साठतं. ऑर्विलला सांगायला जावं तर तो "हं" म्हणतो. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारातला "हं" आहे तो. वही निदान तेवढं तरी म्हणत नाही.

तर आज डार्लाचा फोन. डार्ला म्हणजे आमच्या सुनेची, टेसाची आई. माझी विहीण. राहते ॲरिझोनात, उन्हात, म्हणून दिसते भाजलेल्या टोस्टसारखी. परत पोर्टलंडला जाऊन आली म्हणे, आमच्या मुलाकडे, कर्टकडे. तिच्याकडे विमानाचं कार्ड आहे. त्यावर खर्च केला की पॉइंट मिळतात आणि पॉइंट साठले की तिकीट. "एक पैसा लागला नाही, आर्लिसबाई." हे वाक्य ती दर फोनला म्हणते. मला पाठ झालंय.

वर फोटोही पाठवला. तिच्या मांडीवर आमची जूनी. खालचे दोन दात आलेत. मी एकटीच बसून हसत राहिले, कॉफी गार झाली तरी. माझी नात आहे म्हणून म्हणत नाही, पण अशी पोर अख्ख्या मिनेसोटात नाही. खरंच नाही, ती तर तिकडे ओरेगनमध्ये, पोर्टलंडला. मी तिला एकदाच घेतली, ऑगस्टमध्ये ते इकडे आले तेव्हा, आणि तेव्हा ती झोपलेली होती.

मग फोटोत डार्लाचे हात दिसले. लाल नखं.

हेवाबिवा मला वाटला नाही. मी फक्त फोटो बोटांनी मोठा केला आणि डार्ला बाहेर जाईल इतका बाजूला सरकवला.

५ फेब्रुवारी, रविवार. चर्चहून आल्यावर.

जूनीचं पूर्ण नाव ज्युनिपर. आमच्या गॅरेजशेजारी आहे ते झुडूप. कर्टने नाव सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे वा, वेगळंच आहे." आमच्याकडे "वेगळंच आहे" म्हणजे काय ते कर्टला कळतं. टेसाला कळलं नाही. तिने आभार मानले.

नावावरून आठवलं. बाळ व्हायच्या आधी टेसाने आम्हा दोघींना विचारलं होतं, तिने तुम्हाला काय म्हणायचं? आजकाल आज्या आपापलं नाव निवडतात. डार्लाने त्याच मिनिटाला सांगितलं, "मिमी." तोंडात दात नसले तरी म्हणता येईल असं. मी म्हटलं, अगं, काहीही चालेल, बाळाला सोपं पडेल ते. म्हटलं पुन्हा विचारतील, तेव्हा हळूच "ग्रॅमी" सांगू. कोणी विचारलंच नाही. आता मी "मिनेसोटाची आजी" आहे. हे म्हणायला जूनीला चार वर्षं तरी लागतील. तोवर डार्लाचं मिमी-मिमी चालू राहणार.

वाईट वाटून घ्यायचं नाही असा निश्चय केला. सकाळपासून दोनदा केला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार.

तपकिरी गाडी गेली. शेतावर असल्यापासूनची. दुकानाच्या दारात धूर सोडला आणि बसली, म्हशीसारखी. ऑर्विलने बॉनेट उघडलं, आत बघितलं, टोपी काढली. मी समजले.

ऑर्विल म्हणतो नवी घेऊ. शेत विकल्याचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातून. मला गाडीचं कौतुक नाही, चार चाकं आणि हीटर असला की झालं. मासे मात्र मागे ठेवायचे नाहीत असं या वेळी आधीच बजावलंय.

२३ फेब्रुवारी, गुरुवार.

आज मला जी गोष्ट सुचली ती लिहायला हात शिवशिवतोय.

डार्लाला फोनवर गाडीचं सांगितलं. ती म्हणते, "मग कार्डावर घ्या ना! मी माझी तशीच घेतली. सगळी गाडी कार्डावर ठेवली, दुसऱ्या दिवशी बँकेतून पैसे भरून टाकले. व्याज नाही, काही नाही. ते पॉइंट अजून संपत नाहीत." म्हणजे हे रहस्य! मी इतके दिवस समजत होते बाई फार हुशार आहे. बाईने फक्त गाडी घेतली होती.

आम्हीही घेतोय की. तेही रोख पैसे हाताशी असताना. जूनीचा पहिला वाढदिवस १३ मेला. गाडी कार्डावर, पॉइंट आमचे, आम्ही दोघं विमानात आणि तिथून थेट जूनीसमोर. माझ्याकडे कार्ड आहेच. बँकेतल्या मुलीने गेल्या वर्षी दिलं, मी नको नको म्हणत असताना. त्यावर आजवर एक दिवा आणि वाणसामान घेतलंय.

ऑर्विलला सांगितलं. म्हणाला, "हं."

होकारच आहे तो.

६ मार्च, सोमवार.

कार्डाची मर्यादा वाढवायला बँकेला फोन केला. मुलगी म्हणाली, किती हवी? आता तोंड वर करून एवढा मोठा आकडा कसा सांगायचा? लोक काय म्हणतील? म्हटलं, थोडीशी. ती म्हणाली उत्पन्न किती. म्हटलं, भागतं आमचं. तर तिने खरंच थोडीशी वाढवली. गाडीचं एक दार आलं असतं त्यात.

ऑर्विलने फोन मागितला. दोन वाक्यं बोलला. मर्यादा वाढली. मी पाया घातला होता म्हणून हे झालं.

संध्याकाळी टेसाला कळवून टाकलं की वाढदिवसाला आम्ही विमानाने येतोय, पॉइंटांवर. आणि डार्लालाही, कारण तिला दुसरीकडून कळलं तर वाईट दिसेल. तिला सांगताना मी "एक पैसा लागणार नाही" हे म्हटलं. फार बरं वाटलं. जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखं.

१३ मार्च, सोमवार.

गावातल्या ड्वाइटकडे गाडी बघितली. ड्वाइट ऑर्विलचा शाळूसोबती. निळी गाडी छान आहे. पण कार्डाचं नाव काढताच ड्वाइट पेन चावायला लागला. म्हणे कार्डावर थोडेच पैसे घेतो, बाकीचा चेक. कार्डवाले आमच्याकडून टक्केवारी कापतात, गाडीत सुटणारा नफा त्यातच जातो. "तुझ्यासाठी म्हणून डिकीएवढे घेईन, आर्लिस."

मी म्हटलं, नाही नाही, तुला कशाला त्रास. तो काही परत म्हणाला नाही. पण ड्वाइट लहानपणापासूनच कंजूष. त्याच्या लग्नात केक पातळ कापला होता.

निर्णय: सेंट क्लाउडच्या मोठ्या शोरूममध्ये जायचं. मोठ्या दुकानाचं मन मोठं असतं.

१९ मार्च, रविवार.

डार्लाने नवा फोटो पाठवला. जूनी उभी आहे, सोफ्याला धरून. डार्लाने विणलेली टोपी घातली आहे. माझा स्वेटर कुठेय? नोव्हेंबरात पाठवलाय, पिवळा, बटणांना बदकं. टोपीचे टाके सैल आहेत. हे मी रागाने नाही लिहीत, लोकर वाया गेली याचं वाईट वाटतं.

कर्टने विचारलं, विमान किती वाजता उतरणार, घ्यायला येतो. म्हटलं, ठरतंय.

३१ मार्च, शुक्रवार. दुपारी घरी आल्यावर, कोट न काढता.

सविस्तर लिहिते, म्हणजे माझी चूक नव्हती हे वहीत राहील.

शोरूममध्ये विन्स नावाचा मॅनेजर होता. न्यू जर्सीचा, इकडे येऊन दोन महिने झालेत. केस तेल लावल्यासारखे, पण माणूस तोंडाचा गोड. आल्या आल्या म्हणाला, कॉफी घेणार? मी म्हटलं, नको, कशाला. तो बरं म्हणाला आणि स्वतःची पीत बसला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण मी म्हटलं, नवीन आहे बिचारा.

आमच्याकडे पहिलं "नको" म्हणजे नमस्कार. दुसरं "नको" म्हणजे, बसा, घरचे कसे आहेत. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, बरं, अर्धा कप द्या. इथे शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पहिल्याच हाकेला हो म्हणायला आपण काय उपाशी आहोत?

गाडी तीच, निळी. भाव ठरला. मी पर्स मांडीवर घेतली, आत कार्ड, कार्डावर माझा हात. विषय कसा काढायचा याचा विचार करत होते, तोच विन्सने स्वतःहून काढला. देवाने पाठवावा तसा. म्हणाला, आज महिनाअखेर आहे, मला एक गाडी कमी पडतेय, ती गेली की माझा बोनस पक्का.

"एक काम करतो, बाई. एरवी आम्ही करत नाही. सगळी गाडी कार्डावर घेतो. टक्केवारी मी सोसतो. तुमच्याकडे ते पॉइंटवालं कार्ड आहे का? काढा."

मला विमान दिसलं, जूनी दिसली, डार्लाचं तोंडसुद्धा दिसलं. आणि मी म्हटलं, "छे छे, तुम्हाला एवढा भुर्दंड कशाला. चेक देऊ की आम्ही."

आणि वाट बघत बसले.

विन्स म्हणाला, "बरं, चेक तर चेक," आणि कागद पुढे सरकवले.

मी हसत राहिले. म्हटलं आता म्हणेल, अहो असं काय करता. नाही म्हणाला. मी खाकरले. म्हटलं, "कार्ड म्हणजे माझ्याकडे आहे तसं." तो म्हणाला, असतंच हो हल्ली सगळ्यांकडे, आणि ऑर्विलला पेन दिलं. मी ऑर्विलकडे बघितलं. ऑर्विलने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं दिसत होतं, पण बायकोचं "नको" मध्येच मोडायचं नाही हे त्याला त्याच्या आईने शिकवलंय. त्याने चेक लिहिला. अक्षर चांगलं आहे त्याचं.

निघताना पायाखाली घालायचे रबरी मॅट घेतले. ते कार्डावर.

गाडीत सगळा रस्ता मी हीटरची बटणं फिरवत आले. हीटर चांगला आहे.

१ एप्रिल, शनिवार.

विचार केला. चूक विन्सची आहे. एका माणसाला एकदाच विचारायचं, हे काय विचारणं झालं?

सकाळी शोरूमला फोन करून बघितला. सहज. की समजा एखाद्याने चेक दिला असेल आणि तो परत घेऊन कार्ड दिलं तर. विन्स नव्हता, सुट्टीवर गेला होता. बोनस मिळाला म्हणे. विमानाने गेला.

डार्लाचा निरोप: "घेतली का गाडी? अभिनंदन! पॉइंट पडले का?" मी उत्तरात गाडीचा फोटो पाठवला. फोटोत निळा रंग फार छान आलाय.

४ एप्रिल, मंगळवार.

ऑर्विल म्हणाला, तिकीट विकत घेऊ ना. विकत! डार्ला फुकट उतरणार आणि मी पैसे मोजून? मी म्हटलं, मार्ग आहेत अजून.

आणि मार्ग मिळालाही. चर्चच्या तळघरात आम्ही बायका मयताच्या जेवणाचं बघतो. हॅम, पाव, बटाट्याची कोशिंबीर, बार म्हणजे ओव्हनमधल्या गोड वड्या, कॉफी. सामान मी आणते आणि चर्च मला पैसे देतं. तेच सामान आता माझ्या कार्डावर! पैसे चर्चचे, पॉइंट माझे. शिवाय मैत्रिणींचं वाणसामानही मीच आणून देणार म्हटलं. त्या म्हणाल्या, नको गं, कशाला त्रास. मी तीन-तीनदा विचारलं. असं विचारतात, विन्सला कोणीतरी दाखवायला हवं होतं.

१२ एप्रिल, बुधवार.

म्हातारा सोरेनसन गेला. थोर माणूस. कुटुंब मोठं, सुना-नातवंडं धरून. दोन मोठे हॅम लागले आणि कॉफीचा अख्खा डबा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पावती नीट घडी करून ठेवली.

२० एप्रिल, गुरुवार.

या आठवड्यात कोणी नाही. मर्टल लुंड हिवाळाभर खोकत होती, तिला दुकानात भेटले. सहज विचारलं, आता तब्येत कशी आहे? म्हणाली, खूपच बरी आहे, नवं औषध लागू पडलं. मी आनंद दाखवला.

घरी येऊन स्वतःचीच लाज वाटली. मर्टलला लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लाटून नेऊन दिली, लोणी-साखर लावून. लोणी कार्डावर आणलं होतं, पण ते नंतर लक्षात आलं.

२८ एप्रिल, शुक्रवार.

पॉइंट बघितले. लायब्ररीतल्या मुलीने संगणकावर काढून दिले. एवढा खटाटोप, एवढे हॅम, पण विमानाच्या तिकिटाच्या मानाने पॉइंट म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. मी म्हटलं, मग एवढ्यात मिळतं काय? तिने पान उघडलं. एक विजेरी होती आणि एक मानेला लावायची उशी. विमानात बसल्या बसल्या झोपण्यासाठी.

उशी घेतली. राखाडी. प्रवासाची तयारी सुरू झाली म्हणायची.

मग धीर करून विकतच्या तिकिटाचा भावही विचारला. पूर्वी कमी होता, आता वाढलाय म्हणाली. मी तिला सांगितलं, वाढू दे, आम्हाला नकोच होतं.

५ मे, शुक्रवार.

उशी आली. सोफ्यावर बसून लावून बघितली. झोप चांगली लागते.

कर्टचा परत फोन. आई, विमानाचा नंबर दे, शनिवारी सकाळी घ्यायला येतो. मी म्हटलं, तू कशाला येतोस, घरी पाहुणे, गडबड, आम्ही येऊ आमचे. तो म्हणाला, "आई, तिकीट काढलंय ना?" मी म्हटलं आवाज तुटतोय, आणि जूनीला फोन द्यायला सांगितलं. तिने फोनवर श्वास सोडला. दोनदा. मी ऐकत राहिले.

नंतर भांडी घासली. घासलेलीच होती, तरी घासली. ती एक वर्षाची होणार, केकमध्ये हात घालणार, आणि मांडीवर डार्लाच्या बसणार. पुढच्या वर्षी तिला विचारतील, मिनेसोटाची आजी कोण? ती म्हणेल, फोनमध्ये असते ती.

८ मे, सोमवार.

ठरलं. मला फ्लू झालाय असं उद्या कळवायचं. ऑर्विललाही झालाय असं सांगायचं, म्हणजे संशय येणार नाही. खोकायचा सराव केला. मर्टलसारखं जमत नाही.

९ मे, मंगळवार. सकाळ.

न्याहारीला ऑर्विलला फ्लूचं सांगितलं. त्याने टोस्ट खाली ठेवला. हे तो करत नाही.

म्हणाला, "गाडी आहे ना."

म्हटलं, आहे, मग?

"गाडी चालते."

फेब्रुवारीपासून ती गाडी म्हणजे माझ्या डोक्यात एक पावती होती. तिला चाकं आहेत, रस्ता आहे, आणि रस्ता पोर्टलंडलाही जातो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विमानात बसायचं म्हणून मी गाडी घेतली होती.

अर्थात हे मला सुचणारच होतं. ऑर्विल मध्ये बोलला.

१० मे, बुधवार. नॉर्थ डकोटात कुठेतरी.

पहाटे निघालो. डिकीत सुका मेवा घातलेला केक, बार, कॉफीचे दोन थर्मास, पोचायला तीन-चार दिवस लागणार म्हणून ब्लँकेटं. नॉर्थ डकोटाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते सपाट आहे. ऑर्विलला फार आवडलं. म्हणाला, जमीन चांगली आहे. त्याच्या दृष्टीने हे भाषण झालं.

ऑर्विलने मानेची उशी घातली आहे. गाडी चालवतानाही. लोक वळून बघतात.

११ मे, गुरुवार. माँटाना.

माँटाना संपत नाही.

एक योजना सुचली आहे. कर्टच्या घराच्या आधी एक वळण आहे. गाडी त्या वळणापलीकडे लावायची, बॅगा घेऊन चालत जायचं, आणि दारात उभं राहून म्हणायचं, आलो! विमानतळावरून टॅक्सी केली असं मी म्हणणार नाही, खोटं बोलणं बरं नव्हे. त्यांना वाटलं तर वाटू द्यायचं. डार्लाच्या डोळ्यांत एकदा डोळे घालून बघायचं.

ऑर्विलला सांगितलं. तो म्हणाला, "हं," पण या "हं"मध्ये काहीतरी होतं.

१२ मे, शुक्रवार.

डोंगर. मी डोळे मिटून बसले होते, त्यामुळे वर्णन नाही. ऑर्विल शीळ घालत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदाच ऐकली त्याची शीळ. चांगली घालतो, मला माहीतच नव्हतं. या माणसाजवळ अजून काय काय आहे देव जाणे.

१३ मे, शनिवार. पोर्टलंड. दुपारी, पाहुणे गेल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

वळण आलं, मी म्हटलं, थांब, थांब. पण डार्ला त्याच वळणावर उभी होती. खांबाला फुगे बांधत होती, पाहुण्यांना घर सापडावं म्हणून. तिने मिनेसोटाची नंबर प्लेट बघितली. गाडीच्या नाकावर माँटानाचे सगळे किडे चिकटलेले. आत मी पुढे वाकून "थांब" म्हणतेय, आणि शेजारी ऑर्विल मानेला उशी लावून.

"आर्लिस? चालवत आलात? एवढ्या लांबून?"

म्हटलं, हवा छान होती.

तिने गाडीला चक्कर मारली. रंग बघितला, आत बघितलं, मॅट बघितले. मग जे विचारायचं तेच विचारलं. "आणि सगळी कार्डावर?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे, पण काहीतरी चांगलंच सांगणार होते. त्याआधी ऑर्विलने काच खाली केली आणि म्हणाला, "चेक."

त्याला नेमकी तेव्हाच बोलायची हौस आली.

आत गेलो. जूनी! फोटोत काहीच कळत नाही. तिच्या मानेला एक घडी आहे, त्या घडीत जगातला सगळा वास आहे. पिवळा स्वेटर घातला होता, बदकांच्या बटणांचा. बाह्या आखूड झाल्यात आणि कोपरं विरलीत, म्हणजे घालत होते हो, रोज घालत होते. टेसाने तिला सरळ माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, ये गं माझी बाय.

तिने माझ्याकडे बघितलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि असं भोकाड पसरलं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मी डार्लाकडे बघितलं नाही. पण डार्ला पुढे आली, मिमीकडे ये, मिमीकडे ये करत. मी मन घट्ट केलं. जूनी डार्लाकडे गेली आणि तिथे जास्त रडली. पाय झाडले. डार्लाच्या कानातलं ओढलं.

मी म्हटलं, आज दात येत असतील. डार्ला म्हणाली, आज नाही, नेहमीच. माझ्याकडे अशीच करते.

"आणि मग फोटो?"

"फोटो काढेपर्यंत गप्प असते," डार्ला म्हणाली. "टेसा समोर उभी राहून खुळखुळा वाजवते. मग लगेच घेऊन जाते. दर महिन्याला येते मी, आर्लिस. आणि दर महिन्याला हेच. तुमच्याकडे तरी ऑगस्टमध्ये झोपली होती, टेसा सांगत होती. मला इतका राग आला होता तुमचा."

माझा! इतकं छान मला कोणी बऱ्याच दिवसांत काही म्हटलं नव्हतं. मी तिला केकचा मोठा तुकडा कापून दिला.

तर हे चाललेलं असताना ऑर्विल आला आणि आरामखुर्चीत बसला. प्रवासाने दमलेला. ना हाक मारली, ना टाळी वाजवली. जूनी रांगत गेली, त्याची पँट धरून उभी राहिली, त्याच्या पट्ट्याचं बक्कल तपासलं आणि हात वर केले. त्याने उचलली. तिने त्याच्या पोटावर गाल ठेवला. तो म्हणाला, "हं." ती म्हणाली, "हं." हुबेहूब.

कर्ट धावत फोन घेऊन आला. पहिला शब्द, पहिला शब्द, म्हणून सगळे ओरडायला लागले. मी म्हटलं हा शब्दच नाही. डार्ला म्हणाली, मुळीच नाही. त्याबाबतीत आमचं दोघींचं पूर्ण एकमत झालं. कोणी ऐकलं नाही.

आता दोघंही झोपलेत तिकडे, एकावर एक. तोंडं उघडी. डार्ला आणि मी सोफ्यावर बसून तासभर बघत होतो. रिकाम्या हातांनी. डार्ला हळूच म्हणाली, "हा माणूस करतो काय नेमकं?"

म्हटलं, काही नाही. हेच करतो.

डार्ला बिचारी ऑर्विलवर फार जळतेय. चेहऱ्यावर दिसतं. मला तसं काही नाही. मी फक्त त्याचा हात हळूच उचलून बघितला, जूनी माझ्याकडे सरकते का ते. सरकली नाही.